तेलाचा हात

तिसरी टाइलही दाबली तशी सरकली आणि त्रिंबकरावांनी कपाळाला हात लावला. लेकीच्या सासरची माणसं घटकाभरात पहिल्यांदाच घरी यायची होती, आणि 'कारागीर कशाला, स्टिकरच्या प्लास्टिक टाइल्स मीच चिकटवतो' असं ते गावभर सांगून बसले होते.

शहाबादी फरशी सोड्यानं घासली, सांधे पुट्टीनं भरले, दोन दिवस पंख्याखाली सुकवली. टाइलमागचा कागदही काढला. मग चिकटत का नाही? त्यांनी टाइल हुंगली, उलटी केली, फरशीला कान लावला.

"अगं, फरशीला कुणाची दृष्ट लागली काय?"

"काहीतरीच तुमचं!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "घासून घासून पांढरीफटक पडली होती बिचारी. सकाळी खोबरेल तेलाचा हात फिरवला, सणाला फिरवते तसा. बघा कशी चमकतेय!"

त्रिंबकराव मटकन बसले ते नेमके टाइलवर. टाइल जी सुटली ती त्यांना घेऊन उंबरा ओलांडून, अंगण कापून थेट रिक्षातून उतरणाऱ्या व्याह्यांच्या पायांशी थांबली.

व्याह्यांनी त्यांना खांद्याला धरून उठवलं. "अहो, पाया पडायची एवढी घाई कशाला? आधी आत तर येऊ द्या!"