बाटलीतली लेकरं

“बाळाला आत आणू नकोस, जंतू येतील!” आजोबा मास्कआडून ओरडले. नातवाला घेऊन पहिल्यांदाच माहेरी आलेली लेक दारातच थबकली. खोलीत दक्षिण अमेरिकेतलं ऑर्किड बियांपासून वाढत होतं, म्हणजे बाटलीतल्या जेलीवर मोहरीएवढे हिरवे ठिपके होते. बाकीच्या बाटल्या बुरशीने गिळल्या होत्या. आजीने नाक मुरडलं. लेक लहानपणी तापाने फणफणली तेव्हा हा गृहस्थ उशाशी फिरकला नाही. आज स्पिरिटने हात पुसून ठिपक्यांची बडदास्त ठेवतोय! “बघू तरी तुमची लेकरं,” आजी म्हणाली. आजोबांनी हरखून बाटली पुढे केली. “बूच काढू नकोस हं. नुसता श्वास लागला तरी मरतील.” “अगं बाई, इतकी नाजूक?” म्हणत तिने बूच उपटलं, गाल फुगवून आत फुंकर मारली आणि हाक दिली, “ये गं बाळाला घेऊन आत, ह्यांचं सोवळं मोडलं.”