प्रेशर उतरेपर्यंत

१९९६ सालचा उन्हाळा. गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची एकुलती एक लेक लग्नावरून बापाशी कडाकडा भांडली आणि दुसऱ्या गावी मैत्रिणीकडे निघून गेली. जाताना तिथला नंबर मात्र फोनपाशी ठेवून गेली.

"अहो, फोन करून बोलवा तिला," बायको म्हणाली.

"अगं, एसीत प्रेशर फार चढलं की आतला स्विच आपणहून कॉम्प्रेसर बंद करतो. तेव्हा हात लावायचा नसतो. प्रेशर उतरलं की तो आपोआप चालू होतो. तुझी लेकही डोकं थंड झालं की येईल."

"आणि गॅसच गळून गेला असला तर?"

"तेव्हाही स्विच बंदच करतो. पण मग कितीही थांबा, चालू होत नाही. आपणच गॅस भरावा लागतो." मिस्त्री हसले. "आपल्या घरात मायेला कुठे गळती आहे?"

फोन वाजला की हातातलं टाकून तेच आधी धावायचे. स्वतः मात्र नंबर फिरवला नाही, बायकोलाही फिरवू दिला नाही. हट्ट नव्हता तो. मध्येच हात लावला तर कायमचं बिघडेल, ही भीती होती.

दुसऱ्या वर्षी मिस्त्री अचानक गेले. गॅरेज पुतण्याने घेतलं. बायको पुढे लेकीकडेच राहिली. पण मिस्त्री गेले त्या दुपारी तिने पहिल्यांदा तो नंबर फिरवला, तेव्हा पलीकडून लेकीने घाईघाईने विचारलं होतं,



"आई, बाबांनी सांगितलं ना गं फोन करायला?"