काळ्या रानातली सडक

पावसाळ्यात वळसंगजवळच्या काळ्या रानात बैलगाडी चाकांच्या आसापर्यंत रुतायची, म्हणून सिद्धनाथची लेक मायाक्का नागपंचमीला माहेरी येतच नसे. गेल्या वर्षी सडकेवर टाकलेली खडी चिखलाने गिळली होती. यंदा ओव्हरसियरने दुतर्फा चर खणून पाणी काढलं, मग मुरूम, दगड आणि खडीचे थर घालून त्यावर वाफेचा रोलर फिरवला. सिद्धनाथही तिथेच राबला. पंचमीआधी मुलगा गुंडा बहिणीला आणायला गेला. सिद्धनाथ भुरभुर पावसात सडकेवर उभा राहिला. गाडी दिसली, पण मायाक्का आत आडवी पडलेली. तो घाबरून धावला. “काय झालं पोरीला?” “काय न्हाय आबा, झोपलीया,” गुंडा म्हणाला. “गाडीनं एक हिसका दिला न्हाय की!” आवाजाने मायाक्का दचकून उठली, लुगडं खोचत म्हणाली, “चिखल आला व्हय? उतरते की!” सिद्धनाथ खदखदून हसला. “बस, पोरी. चिखल आमी मुरमाखाली गाडलाय!”