आतून बटण नको

अरे ऐका ना, काल एका घरात भिंतीवर कीपॅड बसवत होतो, अख्ख्या घराचे दिवे, पंखे, दारं, सगळं त्याच्यावर! मालक म्हणाला, “बेडरूमच्या दाराला आतून बटण नको. ही बया सारखी माहेरी पळते.”

तेवढ्यात वहिनी पाणी घेऊन आल्या, ओठ सुजलेला. थेंबभर पाणी ड्रिलवर सांडलं, तर त्याने माझ्यासमोर त्यांचं डोकं खाडकन भिंतीवर आपटलं!

मी काम पुरं केलं, दार आता फक्त बाहेरून, कीपॅडवरच्या कोडनेच उघडणार. म्हटलं, “दादा, आत जाऊन दार लावा आणि बघा, आतून उघडतंय का.” गेला की!



तो आतून दाराला लाथा घालत “जीव घेईन!” ओरडत राहिला, आणि बाहेर वहिनींनी आधी कीपॅडवर नवा कोड टाकला, मग फोनवर पोलिसांचा नंबर.