शांत शेजार

“तुझ्या शेजारच्या घरातून कधी हूं की चूं ऐकू येत नाही. जरा विचारपूस करत जा गं,” आई तिला म्हणाली होती. “बरंच आहे की, माझं बाळ निवांत झोपतं!” म्हणत तिनं ते हसण्यावारी नेलं. पुढे स्वसंरक्षणाच्या वर्गाला सोबत हवी म्हणून तिनं त्याच शेजारणीला ओढून नेलं. शिक्षिकेनं मनगट धरलं की बेंबीच्या देठापासून “सोड!” म्हणून ओरडायचं होतं. तिची पाळी आली तेव्हा तिच्या ओरडण्यानं खिडकीच्या काचा थरथरल्या. शेजारणीचं नुसतंच तोंड उघडलं, आवाज काही फुटेना.

“अहो ताई, लाजता काय? घरी ओरडता तसं ओरडा!” शिक्षिका हसत म्हणाली.

“घरी ओरडलं की जास्त मार बसतो,” शेजारीण हळूच म्हणाली.

तुमच्याही शेजारी फार शांतता असेल, तर आज एकदा बेल वाजवून बघाल?