बिनमिठाचं ताट

"वहिनी, वास पार खालच्या गल्लीपर्यंत आलाय गं!" कौसर जिन्यातूनच ओरडली.

"येऊ दे की," इन्शिराह दार उघडत म्हणाली. "तीस वर्षांचा साठलेला आहे."

शम्म अन-नसीमचा सोमवार होता. वसंताचा सण. इजिप्तमधलं अख्खं दमियात शहर नदीकाठी चटया पसरून फसीख खात होतं. फक्त या घराचा उंबरा त्या खारवून मुरवलेल्या माशाने आजवर ओलांडला नव्हता. तिच्या नवऱ्याने, वहीदने, ओलांडू दिला नव्हता. शाळेत जन्मभर कवायत शिकवलेला माणूस. मीठ विष, साखर विष, तूप तर महाविष. दर शुक्रवारी तो बायकोला पाहुण्यांदेखत वजनकाट्यावर उभी करायचा आणि आकडा खणखणीत आवाजात वाचायचा.

आता तो खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. कसा कोण जाणे, एकच शब्द मागे राहिला होता. "नको." पाणी हवं असलं तरी तोंडातून "नको"च यायचं, कूस बदलून हवी असली तरी "नको"च. इन्शिराहला हे पहिल्याच आठवड्यात उमगलं होतं. पाण्यासाठीचं "नको" आलं की ती मुकाट्याने पेला त्याच्या ओठांना लावायची. तिची चूक कधी झाली नव्हती.

जमिनीवर कागद पसरले. मासे उघडले, वर लिंबू पिळलं, तेल ओतलं. पातीचा कांदा, गरम भाकऱ्या. कौसरचा नवरा फिक्री दोन्ही बाह्या सरसावून बसला.

"मास्तर," तो आपल्या ढेरीवर थाप मारत म्हणाला, "हे बघून तुम्ही म्हणायचात, फिक्री साठी गाठत नाही. यंदा बहात्तर लागलं!"

"गप्प बसा हो," कौसरने त्याला कोपराने ढोसलं. पण हसू तिलाही आलं.

वहीद ऐकत नव्हता. त्याची नजर कागदावर खिळली होती. एका माशाच्या पोटात केशरी गाभोळी दिसत होती. लहानपणी याच गाभोळीसाठी त्याने कौसरचे केस उपटले होते. त्याच्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की ते लुळ्या बाजूने हनुवटीवर ओघळलं.

कौसरच्या ते लक्षात आलं. तिने भाकरीच्या तुकड्यात गाभोळी घेतली आणि गुडघ्यांवर सरकत त्याच्यापाशी आली.

"दादा, एवढासा देऊ? सणाचा?"

दे, असं त्याला म्हणायचं होतं. छातीतला सगळा जोर एकवटून त्याने तोंड उघडलं.

"नको."

"थोडीशी रे."

"नको! नको!" मान डोलवायला गेला तर ती एका बाजूला कलंडली. त्याने धड असलेला डावा हात पुढे केला, घासाच्या दिशेने. बोटं भाकरीला लागली.

इन्शिराहने तो हात मधेच धरला आणि हळूच त्याच्या मांडीवर ठेवला.

"बाजूला कर म्हणतायत," ती म्हणाली. "वासानेच जीव घाबरा होतो ह्यांचा."

कौसरचे डोळे भरून आले. "काय निग्रह आहे बाई! एवढं झालं तरी माझा भाऊ ढळला नाही." आणि घास वाया कशाला घालवायचा म्हणून तिने तो स्वतःच खाल्ला.

इन्शिराह आत जाऊन त्याचं ताट घेऊन आली. उकडलेला दुधी, उकडलेली कोंबडी. तिने चमचा त्याच्या तोंडात घातला. "बत्तीस वेळा चावायचं. ह्यांनीच शिकवलंय मला. एक... दोन..."

"डॉक्टर काय म्हणतात?" कौसरने विचारलं.

"हात काही परत येणार नाही म्हणाले. वाचाही नाही. पण हृदय म्हणजे पंचविशीतल्या पोराचं! असंच पथ्य सांभाळलं तर वीस वर्षं कुठे गेली नाहीत."

"देवाची कृपा!"

"कृपा कसली, ह्यांची मेहनत. मी फक्त ती वाया जाऊ देणार नाही."

वहीदने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागावलेल्या इन्शिराहला कसं गप्प करायचं, हे तो लग्न झाल्यापासून जाणत होता. हा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता.

"मी पण चार घास खाऊन घेते हं," ती त्याला म्हणाली आणि फिक्रीशेजारी मांडी घालून बसली. सावकाश जेवली. काटे चोखले, कागदावरचं तेल भाकरीने पुसून घेतलं. मग त्याच्या हनुवटीवर पुन्हा ओघळ आलेला पाहून तशीच उठली आणि बोटाने तो पुसू लागली.

बोट ओठाला लागलं. वहीदने ते ओठांत पकडलं. मीठ होतं. मासा होता, लिंबू होतं. डोळे मिटून, सगळी लाज सोडून तो ते बोट चोखू लागला.

तिने क्षणभर चोखू दिलं. मग तान्ह्या मुलाच्या तोंडातून काढावं तसं अलगद बोट सोडवून घेतलं.

"अहो, असं काय करता? मीठ आहे ना त्याला," ती म्हणाली.

मोरीत बराच वेळ नळ वाहत होता. परत आली तेव्हा तिच्या हातांना फक्त साबणाचा वास होता. त्या हातांनी तिने दुधीचा पुढचा चमचा भरला.