भिंतीवरचा रांजण

परभणीतले निवृत्त चित्रकला शिक्षक अनंतराव यांनी 'परप्रांतीयांचे स्वागत' या विषयाच्या स्पर्धेसाठी स्वतःच्या घराच्या आवारभिंतीवर एक उघडे दार आणि त्याच्याशेजारी पाण्याने भरलेला रांजण रंगवला. पहिले बक्षीस मिळाले. लोक येऊन भिंतीसमोर फोटो काढून गेले. खरे फाटक मात्र पत्नी गेल्यापासून कुणी वाजवले नव्हते.

मे महिन्यातल्या एका भर दुपारी समोरच्या बांधकामावरची बिहारी मजूर बाई रिकामी बाटली घेऊन रस्ता ओलांडून आली. तिने रांजणाकडे हात नेला. तो भिंतीला टेकला, तशी ती ओशाळून हसली. खिडकीतून पाहणारे अनंतराव पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीने बाहेर आले.

शेजारचा बन्सीधर त्याच्या ओट्यावरून म्हणाला, "सर, चित्रापुरतं ठीक हाय, पण फाटक उघडू नका. आज पाणी दिलं की ही लोकं रोज येतेत बघा."



"रोज?" अनंतरावांनी विचारले, आणि घाईघाईने किल्ली लावून फाटकाचे कुलूप उघडले.